सोमीबाईचा फोटो

अंधारखोलीत थप्पड येताना दिसत नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या दिवसांत तांबडा दिवा तरी असायचा, हात उगारल्याची सावली कळायची, मान खाली घालता यायची. रंगीत कागद आला आणि तोही दिवा गेला. मग अब्बांचा हात कानावर पडणार, पाठीवर पडणार की तोंडावर, हे पडल्यावरच समजायचं. कागदाची चकचकीत बाजू कुठली हे बोटांनी ओळखायला मी अशीच शिकले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, घरात मुलगा नव्हता, आणि अब्बांचे डोळे अधू होत चालले होते, म्हणून स्टुडिओच्या मागची ती खोली माझ्या वाट्याला आली. वडिलांबद्दल लिहिताना ते मनाने फार चांगले होते असं लिहायची पद्धत आहे. मी तसं लिहिणार नाही. ते उत्तम फोटोग्राफर होते आणि हात सोडणारे होते, आणि त्यांचा राग जसाच्या तसा माझ्यात उतरला आहे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा, ते सांगतील.

वडसा गावी आमचं घर स्टुडिओच्या मागेच होतं. एका बाजूला रेल्वेची लाईन, दुसऱ्या बाजूला भाताच्या गिरण्या. दिवसभर गिरणीची घरघर, मधूनच मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज, आणि हिवाळा आला की नाटकमंडळ्यांच्या तालमी सुरू, पेटीचे सूर आणि खलनायकाचं हसणं. केमिकलचा आंबट वास घरभर असायचा. अम्मी लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी द्यायची, झिंग्यांची चटणी वाटायची, तांदळाच्या भाकरी थापायची, तरी घास तोंडात घालताना हाताला फोटो धुवायच्या हायपोचाच वास यायचा. अब्बांना डाळ पातळ वाटली की ताट अंगणात जायचं. मग अम्मी एक शब्द न बोलता पाट्यावर मिरच्या घ्यायची आणि अशा वाटायची की पाटा जमिनीतून हलायचा. घरात आम्ही हिंदी-मराठीची खिचडी बोलायचो, पण त्या वाटण्याला भाषा लागत नव्हती. मला तो आवाज अजूनही आवडतो.

रंगीत फोटोंचं मशीन अब्बांनी नागपूरहून जुनंच आणलं. त्याच्यासोबत मशीन चालवणारे श्रावणभाऊही आले. तोंडात सतत सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि खर्रा थुंकल्याशिवाय बोलणं नाही. मशीनबरोबर कंपनीने दिलेलं एक निगेटिव्ह होतं आणि त्याचा एक छापील फोटो. फोटोत एक गोरी परदेशी बाई, ओठ लाल, शेजारी रंगीत उशा. दुकानात या जोडीला सगळे ‘नमुना’ म्हणायचे. रोज सकाळी मशीन गरम झालं की पहिल्यांदा नमुना छापायचा, निघालेला तुकडा कंपनीच्या फोटोशेजारी धरायचा, आणि बाईचे गाल दोन्हीकडे सारखे दिसेपर्यंत पिवळा, मॅजेंटा, सायन या रंगांचे आकडे वरखाली करायचे. बाई बरोबर आली म्हणजे मशीन बरोबर. मग दिवसभराची लग्नं, बारशी, पासपोर्ट त्याच आकड्यांवर. ताडून झालेला तुकडा चार तुकडे करून डब्यात टाकायचा, हा अब्बांचा नियम होता. मी त्या गोरीचे रोज सकाळी चार तुकडे करत होते आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

फक्त एक अडचण होती. गोरी बरोबर यायची आणि आमची माणसं काळीठिक्कर यायची. नाक नाही, डोळे नाहीत, दात तेवढे चमकायचे. एकदा सावली गावाहून एका लग्नाचा अल्बम न्यायला नवरीचा भाऊ आला. त्याने काउंटरवर पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं आणि विचारलं, “भाऊ, हे आमची बहीन होय का?” अब्बा म्हणाले, “होय ना. मशीननं बरोब्बर काढली आहे.” पुढचं फार झटकन झालं. त्याने अल्बम उचलला आणि त्याच्या पुठ्ठ्याची कड अब्बांच्या कपाळावर हाणली. “सासरचे हासून राह्यले आमच्यावर! कोळसा केला पोरीचा!” रक्त भुवईतून चष्म्यावर उतरलं. श्रावणभाऊ मध्ये पडले, त्यांची कॉलर फाटली, काचेचं कपाट फुटलं. मी आतून धावत आले ती हातात केमिकल ढवळायची दांडी घेऊनच, आणि ती मी त्या माणसाच्या खांद्यावर दोनदा मारली. तो गेल्यावर अब्बांनी कपाळावर फडकं धरून मला एक ठेवून दिली, पोरीच्या जातीने काउंटरच्या बाहेर आल्याबद्दल.

तरी त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मशीनचा काही दोष नाही. ज्या चेहऱ्यावरून आपण ते रोज लावतो, तो चेहरा आपल्याकडे कोणाचाच नाही.

सोमीबाई आमच्या मागच्या दाराला यायची. जंगलातलं गाव तिचं, गोंडांचं. बसने दोन तास आणि पुढे पायी. आठवडी बाजाराला ती आणि तिची माय पत्रावळीची पानं, चारोळी, पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, घेऊन यायच्या, आणि बाजारात बसण्याआधी अम्मीकडे थांबायच्या. अम्मी चहा द्यायची, त्या सात्या द्यायच्या, आणि दोघीतिघी अंगणात बसून कोणाच्या घरी काय झालं ते बोलायच्या. सोमीबाई पंचविशीची असेल. कडेवर लेकरू, खळखळून हसणं, आणि रंग जांभळासारखा गर्द. त्यांच्यातल्या जुन्या रीतीप्रमाणे ती पोलकं घालत नसे. लुगड्याचा पदर एका खांद्यावर गाठ मारून घ्यायचा, दुसरा खांदा मोकळा. तिची माय तशीच, अम्मीलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि बाजारातही कोणी वळून पाहत नसे. त्या दिवशी अब्बांनी कॅमेऱ्यात उरलेला रोल संपवायला माझ्याकडे दिला होता. मी म्हटलं, “सोमीबाई, फोटो काढू का?”

ती मायकडे पाहून हसली. “काढ. पन मले पाह्यजे तो. मायचा अन् माहा. घरी लावीन.”

“देईन की. पुढच्या बाजारी.”

मागच्या भिंतीशी दोघींना उभं केलं. मायच्या डोक्यावर पानांचा भारा, सोमीबाईच्या कडेवर लेकरू, ऊन कोवळं. मायने जन्मात फोटो काढला नव्हता. ती श्वास रोखून इतकी ताठ उभी राहिली की सोमीबाईने तिला कोपराने ढोसलं, आणि नेमकी तेव्हा स्वतः माझ्याकडे पाहून हसली. तो क्षण मी पकडला. आयुष्यात मी हजारो फोटो काढले, इतका चांगला पुन्हा निघाला नाही.

निगेटिव्ह धुऊन निघालं आणि मी ते उजेडावर धरलं तेव्हाच मला कळलं की नमुना सापडला. सोमीबाईचा चेहरा आणि तो मोकळा खांदा, यात आमच्या मुलखाच्या रंगाच्या सगळ्या छटा होत्या, उन्हातली, सावलीतली, घामाची चमकसुद्धा. मी काळ्या कागदाची एक लहान चौकट कापली आणि निगेटिव्हवर चिकटवली. चेहरा आणि खांदा तेवढा उघडा राहिला. माय, भारा, लेकरू, लुगड्याची गाठ, सगळं कागदाखाली गेलं. मोठं करून छापलं, चार दिवस आकडे जुळवले. पाचव्या दिवशी त्या आकड्यांवर चामोर्शीच्या एका बारशाचा रोल टाकला, आणि मशीनमधून माणसं बाहेर आली. नाकडोळ्यांची, आपापल्या रंगाची माणसं. श्रावणभाऊ खर्रा थुंकायचं विसरले. अब्बांनी प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी दचकून डोकं मागे घेतलं होतं, हे लिहायला हवं.

गोरी कपाटात गेली. सकाळ झाली की श्रावणभाऊ ओरडायचे, “सोमी लावली का?” “सोमी लाल मारून राह्यली, मॅजेंटा कमी कर.” “आज सोमी जळली, पुन्ना काढ.” मागच्या दारी जी सोमीबाई होती तिचं मशीनच्या खोलीत नुसतं सोमी झालं, आणि मीही तसंच म्हणायला लागले. वडशाच्या फोटोत माणसं दिसतात ही बातमी फिरली. चंद्रपूरचा एक लॅबवाला आला, मग गडचिरोलीचा. अब्बांनी मोठेपणाने त्यांना त्या छापलेल्या चौकटीचेच पुन्हा फोटो काढून नमुन्याची निगेटिव्हं करून दिली. महिनाभरात तीन गावांत रोज सकाळी सोमी छापली जात होती.

मी पुढे नागपूरच्या एका कॉलेजात इमेज प्रोसेसिंग शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. त्या विषयात जगभर एक चित्र चालायचं. टोपी घातलेली, खांद्यावरून वळून पाहणारी एक गोरी बाई. चित्र लहान करायची, धूसर चित्र साफ करायची, कडा शोधायची नवी रीत कोणी काढली की ती याच बाईवर लावून दाखवायची, म्हणजे कोणाची रीत सरस ते ताडून पाहता येतं. सगळ्यांनी एकच नमुना वापरायचा यात चूक काही नाही. पण तो नमुना आला कुठून? पुरुषांच्या एका मासिकातून. प्रयोगशाळेत त्या दिवशी हाताशी तेच होतं, आणि नागडा भाग कापून खांद्याच्या वरचा तेवढा ठेवला. त्यांनी उघडी बाई कापून सभ्य केली, आणि मी सभ्य बाई कापून उघडी केली. वर्षानुवर्षं मी ते चित्र फळ्यावर लावत होते. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, हिला कोणी विचारलं होतं का?” मी तिच्यावर खेकसले, म्हटलं आधी कडा शोधून दाखव. नंतर मोठमोठ्या संशोधनपत्रिकांनी हे चित्र घेणं बंद केलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये भांडण पेटलं. इतक्या वर्षांची तुलना वाया जाईल, असं एकाचं म्हणणं. दुसरा टेबलावर हात आपटून म्हणाला, “एका फोटोनं कोणाचं काय बिघडलं हो?” मी हातातला चहाचा कप त्याच्या दिशेने फेकला. तो भिंतीला लागला. नेम अब्बांसारखा नाही माझा.

काय बिघडलं ते सांगते. गोरीचे मी रोज चार तुकडे करायचे. सोमीबाईचे माझ्याने होईनात. दर बाजारी जिच्यासोबत चहा पिते, जी माझ्याकडे पाहून हसली आहे, तिचं तोंड मधोमध कसं फाडायचं? पहिल्या दिवशी हात थांबला, दुसऱ्या दिवशीही थांबला, आणि मग मी ते तुकडे अख्खेच डब्यात टाकायला लागले. अब्बांचा नियम मी मायेपोटी मोडला. डबा मागच्या गल्लीत रिकामा व्हायचा. तिथून ते तुकडे कोणी उचलले, कुठल्या पानठेल्यावर आणि कुठल्या ट्रकच्या काचेवर गेले, हे मला कळलं नाही, मी पाहिलंही नाही. चौकटीत गाठ नव्हती, लुगडं नव्हतं. उघडा खांदा आणि हसणारी बाई एवढंच होतं, आणि बाकीचं पाहणाऱ्याने आपल्या मनाने पुरं केलं.

सोमीबाई मात्र दर बाजारी विचारायची, “फोटो झाला का वो?” तिच्यासाठी चौकट सोडवून अख्खं निगेटिव्ह छापायचं, मग चौकट पुन्हा नेमकी बसवायची, पुन्हा आकडे जुळवायचे. अर्ध्या दिवसाचं काम. मी म्हणायचे, “पुढच्या बाजारी.” ती म्हणायची, “माय इचारून राह्यली. म्हातारी झाली ते.” मग मी पुन्हा, पुढच्या बाजारी.

हिवाळ्यात नाटकांचा हंगाम भरला आणि एका मंडळीचा बोर्ड स्टेशनच्या रस्त्यावर लागला. पेंटरने रंगवलेली बाई, नाचणारीची भूमिका, उघडा खांदा, हसरा चेहरा. सायकल थांबवून मी पाहिलं. लाज वाटते, पण माझ्या मनात आधी आलं ते हे, की याने खांद्यावर पिवळा जास्त टाकला. नंतर कळलं की हा चेहरा आपल्या डब्यातला आहे. घरी येऊन मी अब्बांना सांगितलं. ते हसले. “आता तं ते नाटकात गेली!” श्रावणभाऊही हसले. मीही थोडी हसले.

त्याच आठवड्याच्या बाजारात सोमीबाई नवऱ्यासोबत आली. दसरू त्याचं नाव, सडपातळ, अबोल, खांद्यावर नेहमी टांगिया, लांब दांड्याची कुऱ्हाड. माय बरोबर नव्हती. दुपारची वेळ, नाटकाच्या मांडवाबाहेर तिकिटाला गर्दी. मी स्टुडिओच्या पायरीवर उभी होते, म्हणून सगळं पाहिलं. चार-पाच जणांनी तिला ओळखलं. एकजण ओरडला, “अबे, नाचनारी आली!” सोमीबाईला काही समजलं नाही, ती मागे वळून पाहू लागली की कोण आलं. त्याने खिशातून एक तुकडा काढून तिच्या तोंडाशेजारी धरला, आम्ही सकाळी धरायचो तसा. “तेच होय रे, तेच! इथी काऊन झाकून राह्यली, फोटोत तं उघडी होती!” आणि त्याने तिच्या खांद्यावरची गाठ ओढली.

गाठ सुटली. ती दोन्ही हातांनी पदर धरून खाली बसली, लेकरू तिच्या मांडीवरून मातीत घरंगळलं. दसरूने टांगिया उलटा धरला, पात्याची बाजू मागे. हे मी शपथेवर सांगते, कारण पुढे सगळ्यांनी उलटंच सांगितलं. दांड्याकडून त्याने त्या माणसाच्या मनगटावर हाणलं, हाड मोडल्याचा आवाज मला पायरीवर ऐकू आला. मग गर्दी त्याच्यावर पडली. मांडवाचे बांबू उपसले गेले. त्याच्या पाठीवर, डोक्यावर, तोंडावर बांबू पडत होते, आणि ज्यांना काय झालं हेच ठाऊक नव्हतं तेही येऊन एक लाथ घालून जात होते. तो नालीच्या कडेला पालथा पडला. एकाने त्याचा उजवा हात नालीच्या दगडावर ठेवला, वरून बुटाची टाच दिली, आणि टाच फिरवली. दसरू ओरडला तसं ओरडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी आतून लोखंडी तिपाई ओढत आणली आणि त्या बूटवाल्याच्या गुडघ्यावर घातली. तो पडला, त्याच्या डोक्यावर घातली. तिसऱ्यांदा उचलली तेवढ्यात अब्बांनी माझी वेणी धरली आणि फरफटत आत नेऊन शटर ओढलं. अम्मी मागच्या दाराने गेली आणि सोमीबाईला व लेकराला अंगणात घेऊन आली. बाहेर बांबूंचा आवाज अजून चालूच होता. तिपाईच्या पायात एक तुकडा अडकून आत आला होता. मी उलटून पाहिला. मागे आकडे होते, पिवळा, मॅजेंटा, सायन. अक्षर माझं होतं.

चौकीवर दसरूलाच नेलं. त्याच्याकडे टांगिया होता, आणि गर्दीकडे साक्षीला गर्दी होती. अब्बांनी जबानी दिली की त्यांना काही दिसलं नाही, नजर अधू आहे. सोमीबाई रात्रभर आमच्या अंगणात भिंतीला टेकून बसली, त्याच भिंतीला. अम्मीने आपलं एक पोलकं दिलं, ते तिने घातलं नाही, लेकराच्या डोक्याखाली घडी करून ठेवलं. सकाळी ती चौकीकडे गेली आणि तिथूनच दसरूला घेऊन गावी गेली.

त्या दिवशी सकाळी श्रावणभाऊंनी हाक मारली, “सोमी लावली का?” माझं डोकं फिरलं. मी नमुन्याचं निगेटिव्ह काढलं, होते नव्हते तेवढे तुकडे गोळा केले, अंगणात चुलीच्या राखेवर ठेवले आणि रॉकेल ओतलं. आधी चौकटीचा काळा कागद पेटला, आकसून बाजूला झाला, आणि घडीभर अख्खं निगेटिव्ह उघडं पडलं. डोक्यावरचा भारा, ताठ उभी माय, कडेवरचं लेकरू. मी ते पाहिलं. काडीने बाहेर ओढता आलं असतं. मी इतकी रागात होते की आपण फार मोठं काम करतोय असं मला वाटत होतं. मग ते वितळलं आणि त्याचा घाण धूर घरात भरला.

अब्बा मशीनचा रबरी पट्टा घेऊन आले. पाठ, दंड, पोटऱ्या, कुठे लागेल तिथे. “मशीन आंधळी केली! दुकान आंधळं केलं!” चौथ्या की पाचव्या फटक्याला मी पट्टा हातात धरला आणि अब्बांच्या मनगटाला चावले, रक्त येईपर्यंत. त्यांनी मला ढकललं, धापा टाकत खाली बसले, आणि मग हसायला लागले. “चंद्रपुरात आहे, गडचिरोलीत आहे. काय काय जाळशीन तू?” अम्मी पाट्याशी बसली होती. ती उठली, पट्टा चुलीत घातला आणि परत वाटायला बसली. अब्बांनी त्यानंतर माझ्यावर हात उचलला नाही, आणि मी अंधारखोलीत पाऊल टाकलं नाही.

मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा अम्मी आणि मी सोमीबाईच्या गावी गेलो. बाजाराला ती त्या दिवसापासून आलीच नव्हती. तांदळाची पिशवी, मीठ, गूळ असं घेतलं होतं. बसमधून उतरल्यावर वाटेत मी मनात जुळवणी करत होते की तिला कसं सांगायचं, आणि सांगितल्यावर तिला केवढं हायसं वाटेल. तिच्या घरासमोरच मोहाचं झाड होतं, खाली फुलांचा सडा, आणि ती एकटी वाकून वेचत होती. दसरू ओसरीत बसला होता. उजव्या हाताची बोटं आत वळलेली, पक्ष्याच्या पायासारखी. त्याने आम्हाला पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. सोमीबाईने टोपली ठेवली, लोट्यातून पाणी दिलं. लुगडं तसंच होतं, पण गाठ आता गळ्याशी होती आणि दोन्ही खांदे झाकलेले.

मी म्हटलं, “सोमीबाई, तो फोटो मी जाळून टाकला. मूळचं निगेटिव्हच जाळलं. अब्बांनी मारलं मले, पन जाळलं.”

तिने विचारलं, “कोनचा फोटो?”

“तोच. भिंतीजवळचा.”

“मायचा?”

ओसरीच्या कोपऱ्यात जमीन नव्याने सारवलेली होती, तिथे एक दिवा आणि मूठभर मोहाची फुलं. अम्मीने ते माझ्याआधी पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

“माय गेली,” सोमीबाई म्हणाली. “दसरूचं आयकलं अन् खानं सोडलं तिनं. पंधरा दिस झाले. मी आता येनारच होतो तुह्याकडे, फोटो मांगाले. सारा बजार माहा फोटो घेऊन फिरला. ट्रकवर लावला, पानठेल्यावर लावला. मले एक नाई देल्ला. म्हटलं, आता तं देशीन. त्यात माही माय होती.”

चंद्रपूरला सोमी होती, गडचिरोलीला सोमी होती, आणि ती पुढेही कितीतरी वर्षं रोज सकाळी छापली जाणार होती. जे जगात एकाच ठिकाणी होतं, काळ्या कागदाखाली, तेवढंच मी जाळलं होतं.

“कोनाले इचारून जाळला?” तिने विचारलं.

अम्मी म्हणाली, “बाई, पोरीनं तुह्यासाठीच...”

“मले इचारलं होतं का?”

तिने हातातला लोटा खाली ठेवला. दुपार होती, झाडाची पानं गळालेली, सगळीकडे लख्ख ऊन. तिचा हात उठला, मागे गेला, आणि माझ्याकडे निघाला. ती थप्पड मला अगदी सुरुवातीपासून दिसत होती. बाजूला व्हायला वेळ होता. मी झाले नाही.